दोन मिनिटांत उतरणारं ओझं

"जीपच्या मागच्या दाराले बूफर बसवून राहिली मी," हर्षानं पोळीचा घास वरणात बुडवत जाहीर केलं. ती विचारत नव्हती, सांगत होती. तिच्या घरात हा फरक सगळ्यांना कळत असे, कारण घरात माणसं तीनच होती आणि उरलेल्या दोघांचाही विचारण्यावर विश्वास नव्हता.

हर्षा सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत सर्वेअर होती. रोज नागपूरहून जायची, यायची. चिखल, दगड, नाले यांना भीक न घालणारी काळी जीप तिनं स्वतःच्या पगारातून घेतली, तेव्हा "पोरीच्या जातीले जीप कायले पायजे?" असं एका मावशीनं विचारलं होतं. हर्षानं जीप पहिल्यांदा नेली ती त्याच मावशीच्या दारात, आणि मावशी बाहेर येईपर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. अशा मुलीला बूफरवरून, म्हणजे गाण्यांचा दणका देणाऱ्या मोठ्या स्पीकरवरून, अडवायला निघणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण प्रेमिलाबाई तिची आईच होती, आणि हट्ट काही हर्षा बाजारातून विकत घेऊन आली नव्हती.

"आन् डिक्कीत वावरातले पोते कुठं ठेवू मी? तुया बूफरच्या डोक्यावर?"

"काढता येते वं आई. ड्रॉवरसारखा आहे. कडी उघडली, सरकवला का निघते. दोन मिन्टात."

वामनराव इतका वेळ मान खाली घालून जेवत होते. त्यांनी विचारलं, "वजन किती?"

"बावीस किलो."

"आन् पोळ्याच्या दिवशी?"

"पोळ्याच्या दिवशीबी बावीसच राहीन ना, बाबा."

"तसं नाही म्हनत मी. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर ओझं ठेवत नाही."

मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. घरात बैल नव्हता. दोन वर्षांपूर्वी वामनरावांचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा ते सावनेरच्या पलीकडचं गाव सोडून लेकीकडे नागपूरला आले आणि बैलजोडी विकली. वावर मात्र ठेवलं होतं. मागच्या पोळ्याला ते हौसेनं गावी गेले, तर पोळा समितीचे अध्यक्ष रुपराव यांनी त्यांना हाताला धरून मंडपात नेलं आणि पाहुण्यांच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. "वामन्या, तू त आता नागपूरवाला. पाव्हना हायस. बस, चाय घे." ज्यांच्या हातात बैलाची दोरी ते तोरणाखाली उभे, आणि चाळीस पोळे उभ्यानं काढलेले वामनराव खुर्चीवर चहा पीत बसलेले. तो चहा त्यांच्या घशाखाली अजून उतरला नव्हता.

"यंदा मी माया बैल घेऊन जाईन," वामनराव म्हणाले. "वावरात कोन जाते? जीप. खताचे पोते कोन नेते? जीप. तूर, सोयाबीन घरी कोन आनते? मंग बैल कोन झाला?"

"अवो, लोकं हासतीन," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"हासू दे. पन नियमात हासू दे. पाठीवर ओझं नाही पायजे."

वडिलांचा हा बेत ऐकून हर्षाला इतका आनंद झाला की तिनं तिथल्या तिथं वचन दिलं. पोळ्याच्या दिवशी बूफर उतरवायचा, जीप सजवायची, आणि बाबांना तोरणाखाली उभं करायचं. खुर्चीवर नाही.

नागपूरच्या जरीपटका भागातल्या मुकुंद साउंडवाल्यानं तीन दिवसांत काम केलं. मागच्या दाराच्या आतल्या अंगाला त्यानं लोखंडी चौकट ठोकली, चौकटीला वरखाली खाचा पाडल्या, आणि त्या खाचांतून प्लायवूडचा काळा कार्पेट लावलेला खोका आडवा सरकवला. टोकाला एक कडी. दाराच्या बाहेर आधीच स्टेपनीचं चाक, आत आता हा खोका. दार उघडलं की जीप नाकापेक्षा मोती जड झालेल्या बाईसारखी एका अंगाला कलायची.

"बेफिकर राहा, ताई," मुकुंद म्हणाला. "दार तुटन, पन चौकट नाही तुटनार."

त्यानं हे आश्वासन म्हणून सांगितलं होतं.

घरी आल्यावर हर्षानं मोबाईलवर वेळ लावून खोका काढून दाखवला. एक मिनिट चाळीस सेकंद. प्रेमिलाबाईंचा विश्वास बसला नाही, म्हणून परत घातला आणि परत काढला. एक मिनिट पस्तीस सेकंद. इथपर्यंत कोणाचीही चूक नव्हती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुढे बऱ्याच जणांनी बऱ्याच जणांना दोष दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हर्षा ड्यूटीवर खाणीच्या गाडीनं गेली आणि जीप घरी राहिली. आदल्या दिवशी बैलाला आंघोळ घालतात. वामनरावांनी सकाळी पाइप लावला. टपापासून चाकांपर्यंत धुऊन झाल्यावर त्यांनी मागचं दार उघडलं.

"आतून कायले धुता?" प्रेमिलाबाईंनी ओट्यावरून विचारलं.

"बैल धुताना शेपटीखाली धुवावं लागते. तिथंच जास्त घान राहते."

खोक्याच्या गोल जाळीवर मात्र त्यांनी टॉवेल बांधला होता. ते त्याचं तोंड होतं, आणि बैलाच्या तोंडात पाण्याची धार सोडायची नसते. बाकीच्या खोक्याला त्यांनी वीस मिनिटं आंघोळ घातली, घासलं, आणि पुन्हा एकदा घातली.

संध्याकाळी खांदमळणी. वर्षभर जुवाखाली घासलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आता जीपचा खांदा कोणता, यावर नवराबायकोत वाद झाला.

"बोनट हाय खांदा," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "समोर राहते ना खांदा."

"जिथं ओझं, तिथं खांदा. ओझं मागं हाय."

तर्काला तोड नव्हती. वामनरावांनी वाटीभर तुपात हळद कालवली, दोन बोटांनी चौकटीच्या वरच्या खाचेत भरली, मग खालच्या खाचेत, मग कडीत, मग जिथं जिथं लोखंड लाकडाला टेकत होतं तिथं तिथं. वाटी संपली तेव्हा त्यांनी प्रेमिलाबाईंकडे दुसरी मागितली. मग जीपच्या मागच्या दारावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." प्रेमिलाबाई हसणार होत्या. नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हसल्या नाहीत.

सहाच्या सुमारास हर्षा घरी आली आणि जीपचं मागचं दार बघून मटकन पायरीवर बसली.

"बाबा, हे पिवळं काय हाय?"

"हळद. तुपातली."

"आन् ओलं काहून आहे?"

"आंघोळ घातली."

"बूफरले?"

"तोंड झाकलं होतं," वामनराव थोडे दुखावल्यासारखे म्हणाले.

हर्षानं वायर काढली, कडी उघडली, आणि खोका ओढला. खोका हलला नाही. तिनं पाय दाराला लावून ओढला. जीप हलली, खोका नाही. प्रेमिलाबाईंनी हर्षाला कमरेला धरलं, वामनरावांनी प्रेमिलाबाईंना, आणि तिघांनी मिळून जोर लावला. हात तुपावरून सटकले आणि तिघंही अंगणात बसली.

"झाले का वं दोन मिन्टं?" प्रेमिलाबाईंनी पदर झटकत विचारलं.

हर्षानं मुकुंदला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, प्लाय फुगली. पानी पिली तिनं. चार रोज धूप में राहू द्या, सुकली का आपोआप निघन."

"चार रोज नाही ना, भाऊ. उद्या पोळा हाय."

"मंग पुढच्या पोळ्याले निघन," मुकुंद म्हणाला.

वामनराव आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला उठेनात. "जाऊ दे," ते म्हणाले. "ओझ्यासकट तोरनाखाली नाही उभा राहात मी. नाही म्हंजे नाही. बसतो खुर्चीवर."

हे शेवटचं वाक्य हर्षाच्या वर्मी लागलं. डोंगराएवढ्या कोळशाची मापं काढणाऱ्या मुलीला बावीस किलोच्या खोक्यानं हरवावं, याचा तिला भयंकर राग आला. "बाबा, जीप जाईन," ती म्हणाली. "तुमी बी जान. ओझं उतरलं त ठीक, नाही उतरलं त ठीक. खुर्चीवर कोन बसवते ते मी पाहून घेईन."

दुसऱ्या दिवशी उन्हानं जीप चांगली तापली होती. बोनटवर झूल, आरशांना गोंडे, समोर बेगडाचं बाशिंग अशा थाटात वामनरावांचा बैल गावात शिरला. मारुतीच्या देवळापुढं दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. तोरणाखाली एकंदर सात जोड्या उभ्या होत्या. एके काळी इथं उभं राहायला जागा मिळत नसे. बाकीच्यांकडे ट्रॅक्टर होते आणि ते घरी ताडपत्रीखाली होते, कारण ते आणायचं धाडस कोणी केलं नव्हतं.

रुपराव फेटा सावरत पुढं आले. त्यांच्या एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात त्यांच्या पांढऱ्याशुभ्र जोडीची दोरी होती.

"काय आनलं गा हे, वामन्या?"

"बैल."

"बैल असा राहते काय? इंजन लावून आनला ना तू?"

"मंग? तुये बैल पायानं चालत आले ना? का खांद्यावर बसवून आनले?"

लोक हसले. रुपरावांना लोक हसलेले आवडत नसत, विशेषतः हातात माइक असताना. ते जीपभोवती एक चक्कर मारून आले, आणि खोका सुकावा म्हणून उघड्या ठेवलेल्या मागच्या दाराशी थांबले. त्यांचा चेहरा उजळला.

"चाल, मानला बैल," ते मोठ्या मनानं म्हणाले. "पन पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर ओझं? वामन्या, पाप लागते गा! आपल्या बापजाद्यांनी असं केलं काय?"

वामनरावांचं तोंड एकदम पडलं. कारण रुपराव जे बोलले ते बरोबर होतं, आणि नेमकं तेच ते स्वतः बोलले होते.

"दोन मिन्टात उतरते!" हर्षा ओरडली.

तिनं कडी उघडली. गावातल्या चार पोरांनी जोर लावला. एकानं दोरी बांधून ओढलं. लोकांनी मोठमोठ्यानं आकडे मोजले, एकशे वीसपर्यंत, मग कंटाळून सोडून दिले. खोका तसाच. रुपरावांनी अत्यंत प्रेमानं मंडपातून खुर्ची मागवली आणि स्वतःच्या हातानं फडक्यानं पुसली.

"बस, वामनराव. पाव्हना हायस. चाय सांगू?"

वामनराव खुर्चीकडे बघत उभे राहिले. बसले नाहीत, एवढंच. हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं हळदीच्या हातानं पुसलं आणि डोळे आणखी चुरचुरले.

तेवढ्यात लाइन गेली.

माइक मुका झाला. रुपरावांनी त्यावर टिचकी मारली, फुंकर मारली, शेवटी तो हलवून पाहिला. सात जोड्या होत्या, पण लोक पाचशे होते, आणि ते आले होते झडत्या ऐकायला. झडत्या म्हणजे तोरणाखाली म्हटलेली टोमणेबाज कवनं; झडत्यांशिवाय पोळा फुटत नाही, म्हणजे बैल तोरणाखालून सुटत नाहीत. आठ दिवस माइकवर सराव करून रुपरावांचा घसा बसला होता, त्यामुळे उघड्या घशातून आता नुसता वारा येत होता. मागच्या रांगेतून आरोळ्या सुरू झाल्या. "आवाज येऊन नाही राहिला! पोळा हाय का मैयत?"

कोणीतरी म्हणालं, "वामनरावाच्या बैलाले आवाज हाय ना!"

पाचशे माना जीपकडे वळल्या. रुपरावांनी मुका माइक काखेत मारला. मग ते वामनरावांजवळ आले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "वामन्या, जरा बूफर लावू दे ना गा. माइकची वायर जोडून देतीन पोट्टे."

वामनरावांनी शांतपणे धोतराचा सोगा झटकला. "नाही जमत."

"काहून?"

"पोळ्याच्या दिवशी बैलाले काम सांगत नाही, रुपराव. पाप लागते. आपल्या बापजाद्यांनी असं केलं काय?"

गर्दीतून एक जोरदार शिट्टी आली. रुपराव लाल झाले, मग मऊ झाले. "बरं, काय पायजे तुले?"

"मले काही नाही पायजे. पन आधी ठरव, ते काय हाय. ओझं असन त बैल बाहेर उभा राहते, आन् बंद राहते. ओझं नसन त काय हाय, ते तूच सांग. सगळ्याईले ऐकू जाईन असं सांग."

रुपरावांनी खोक्याकडे बघितलं. लोकांकडे बघितलं. आपल्या बैलांच्या गळ्यात वाजणाऱ्या पितळी घुंगरांकडे त्यांची नजर गेली आणि बुडत्याला काडी सापडली. उरलासुरला आवाज एकवटून ते ओरडले, "ते ओझं नाही! ते... ते घागरमाळ हाय बैलाची! गळ्यात नाही मावली म्हनून मागं बांधली!"

"अजून एकदा सांग. मागच्याईले नाही आलं ऐकू."

"घागरमाळ हाय!"

गावानं टाळ्या वाजवल्या. हर्षा एका उडीत जीपमध्ये चढली आणि जीप आठव्या जागी, बरोबर तोरणाखाली, मागचं दार लोकांकडे करून उभी केली. पोरांनी वायर जोडली. या गडबडीत कडी परत लावायचं कोणाच्याही ध्यानात आलं नाही, आणि खोका हलत नसल्यामुळे त्याची गरजही कोणाला वाटली नाही. सकाळपासूनच्या उन्हानं खाचांतलं तूप मात्र पातळ होऊन हळूहळू आत चाललं होतं.

रुपरावांनी माइक तोंडाशी नेला. बूफरमधून घशाची नुसती घरघर आली. लोक हसायला लागले. त्यांनी मुकाट्यानं माइक वामनरावांच्या हातात दिला.

वामनराव जीपच्या दाराला एक हात लावून उभे राहिले. जसे बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहात, तसेच.

"बैल गेले, गोठा गेला, दावं राह्यलं हाती,
नागपुरात राह्यलो तरी पायाले हेच माती;
रुपराव म्हने वामन्याले, तू त आता पाव्हना,
कोन इथला, कोन पाव्हना, वावरालेच पुसा ना!
हर बोला हर हर महादेव!"

पाचशे गळ्यांनी "महादेव!" म्हटलं, आणि त्याच क्षणी हर्षानं आनंदाच्या भरात बूफरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

असा आवाज त्या गावानं कधी ऐकला नव्हता. छातीत कोणीतरी मुसळ घातल्यासारखा तो दणका होता. सातही जोड्यांनी एकदम माना वर केल्या, शेपट्या उभारल्या आणि धूम ठोकली. तोरण तुटलं. मंडपाचा एक खांब गेला. रुपरावांची पांढरीशुभ्र जोडी सगळ्यांत पुढं, त्यांच्यामागं दोरी, आणि दोरीमागं काही अंतर रुपराव. पुढं दोरी एकटीच गेली. पोळा फुटला होता, आणि असा फुटलेला कोणाच्याच आठवणीत नव्हता.

धूळ बसली तेव्हा तुटक्या तोरणाखाली एकच बैल जागचा हलला नव्हता. त्याच्या बाशिंगावर आंब्याची दोन पानं पडली होती.

मग एक बारीकसा आवाज झाला. तुपानं माखलेला खोका लोण्यातून सुरी सरकावी तसा खाचेतून सरकत बाहेर आला, क्षणभर टोकाशी थांबला, आणि धप्पकन मातीत उतरला. हर्षानं मोबाईल बघितला. झडती सुरू झाल्यापासून दोन मिनिटं झाली होती.

"निघालं वं आई!" ती ओरडली.

"म्या म्हटलं नव्हतं का, निघते म्हनून," प्रेमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं.

देवळाला लागूनच रुपरावांचं घर. त्यांची बायको प्रयागबाई बैलांच्या पूजेसाठी आरतीचं ताट, पाण्याचा तांब्या आणि पुरणपोळी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"अवो माय, बैल कुठं गेले?"

"एक हाय, वयनी," वामनराव म्हणाले.

प्रयागबाईंनी जीपकडे एकवार निरखून पाहिलं. त्या चाळीस वर्षं रुपरावांसोबत संसार केलेल्या बाई होत्या आणि कशाचंच त्यांना फारसं आश्चर्य वाटत नसे. त्यांनी चारही चाकांवर पाणी घातलं, बोनटला कुंकू लावलं, ओवाळलं. पुरणपोळी बोनटसमोर धरून पाहिली, मग हर्षाच्या हातात दिली. शेवटी रिवाजाप्रमाणे बैलवाल्याचा बोजारा म्हणून दहाची नोट वामनरावांच्या तळहातावर ठेवली. वामनरावांनी मूठ मिटली. ती मूठ ते बराच वेळ उघडेनात.

अर्ध्या तासानं रुपराव परत आले. फेटा गळ्यात, पायात एकच चप्पल, धोतराला कपाशीची पानं. जोडी नाल्यापलीकडं कोणाच्या तरी वावरात असल्याची बातमी होती, पण हातात दोरी नव्हती. धापा टाकत ते तोरणाच्या जागी थांबले आणि मातीत पडलेल्या खोक्याकडे बोट केलं.

"उचल ना गा... ते ओझं..."

"घागरमाळ," वामनराव म्हणाले.

मग त्यांनी मंडपातली ती प्लास्टिकची खुर्ची उचलून आणली, उपरण्यानं पुसली, आणि रुपरावांच्या मागं अलगद ठेवली.

"बस, रुपराव. थकला असशीन. वयनी, पाव्हन्याले चाय सांगा."

रुपरावांनी एकदा खुर्चीकडे बघितलं, एकदा आपल्या रिकाम्या हातांकडे. मग बसले. प्रयागबाई चहा ठेवायला आत गेल्या.